म्हातारा काय म्हणतो

तुषारचा मामा पीथमपूरच्या कारखान्यातून
ट्रेनिंगला ओसाकाला गेला आणि येताना
एक डबा घेऊन आला, लाल-पांढरा,
एकशेदहा व्होल्टचा.
सियागंजात त्याचा ट्रान्सफॉर्मर शोधण्यात
सुटीचे नऊ दिवस गेले.

रामबागेत आमच्या टीव्हीवर त्याचं चित्र
काळं-पांढरं यायचं, हळूहळू वर सरकायचं,
राजाचे पाय छताला आणि मुकुट तळाशी.
खाली अक्षरं. म्हणजे अक्षरंच असावीत,
कुणी काड्या मोडून टाकल्यासारखी.

पहिली ओळ म्हणजे मार. हे लगेच कळलं.
दुसरी काहीतरी मंतरायची.
तिसरी म्हणजे पळ,
हे आम्ही सात वेळा मरून शिकलो.

चौघांना नावं द्यायची होती, चार-चार अक्षरांची.
जी दिसायला बरी वाटली ती दाबली.
गोलू जैनला एक मासोळीसारखं अक्षर आवडलं,
त्यानं तेच चार वेळा घेतलं.

वेशीपाशी एक म्हातारा उभा असे.
जवळ गेलं की टिक-टिक-टिक करत
रोज तेच एक वाक्य.
गोलू म्हणे, खजिन्याचं सांगतोय.
हेरंब म्हणे, शाप आहे त्याला.
मला वाटे, विचारतोय,
कोणाची गं तू?

मग डबे बदलत गेले.
जेलरोडवर पाटनींकडे तासाला दहा रुपये,
खेळ तबकडीवर, अक्षरं इंग्रजी,
आणि आठवण ठेवायला वेगळं कार्ड,
काडेपेटीपेक्षा लहान. हेरंब ते
कॉलेजच्या आयकार्डामागे ठेवायचा.
दोन हजार दोन साल. वीज सांगून जात नसे.
अडीच तासांनी तळघराच्या शेवटच्या दाराशी पोचलो
आणि अख्खा जेलरोड काळा.
पाटनीकाका मेणबत्ती लावत म्हणाले,
'पैसे पूरे लगेंगे, भिया.'

त्याच्या पुढच्यात नायक बोलू लागले,
आम्हाला ते जरा आगाऊच वाटले.
त्याच्या पुढच्यात नाक निवडता यायचं.
मी चाळीस मिनिटं खपून
हुबेहूब विमलआत्या केली
आणि तिला ड्रॅगनवर सोडलं.

हल्लीच्यात म्हणे नकाशाच संपत नाही.
हेरंब रॉटरडॅमला असतो. रात्री लढाई सोडून
टेकडीवर घोडा उभा करतो,
आणि त्यातली संध्याकाळ बघत बसतो.

मी जेलरोड सोडला नाही.
पाटनींच्याच ओळीत, सोल्डरिंगवाली ताई.

परवा तुषार आला. घर विकतोय.
जुन्या पेटीत ती कॅसेट मिळाली.
आत नाण्याएवढा सेल, तीस वर्षं जुना,
अजून कसाबसा धरून बसलेला.
तो काढला की चौघंही गेली.
म्हणून आधी बाहेरून दोन वायरी लावायच्या,
तीन व्होल्ट तेवढा वेळ उसने द्यायचे,
जुना उतरवायचा, नवा बसवायचा.
तुषार पंखा बंद करून उभा राहिला.
का, ते त्यालाही माहीत नाही.

मग जुना डबा लावला. राजा वर सरकला.
तुषारची ऋजुता विजयनगरच्या क्लासात
जपानी शिकते. बोट ठेवून वाचू लागली:
नु-हे-मो-री. ही मी.
यु-यु-यु-यु. गोलू.
इतक्या वर्षांनी आमची आमच्याशी ओळख झाली.
'आणि तिसरी ओळ?'
'पळ,' म्हणाली. 'बरोबर होतं तुमचं.'

मी वेशीकडे निघाले. म्हातारा तिथेच होता.
टिक-टिक-टिक.
ऋजुतानं दोनदा वाचलं, मग सांगितलं:

'पुढच्या गावात सगळं महाग मिळतं.
लागेल ते इथूनच घेऊन जा.'

कुणी काही बोललं नाही.
तुषारनं पंखा लावला.
संध्याकाळी मी हेरंबच्या पार्सलात
आणखी अर्धा किलो शेव घातली,
आणि जिरावणाची एक पुडी.