फोटो क्रमांक दोन हजार एकशे सतरा

बदरिया मॅडम म्हणाल्या, रात्री आठला टाकत जा,
इशाची नमाज झाली की माणसं फोन उघडतात.
एक ससाणा, एक जुना दरवाजा, एक हसरं पोर.
हॅशटॅग तीनच. मजकूर चार ओळींवर नको.

वाचनालयानं चार हजार फोटो जगाला देऊन टाकलेत.
कुणीही घ्या, छापा, भिंतीला लावा,
पैसे नाहीत, परवानगी नाही.
अट एकच: ज्याचं आहे त्याचं नाव सांगा.
ही दवंडी पिटायचं काम माझ्याकडे.
आमच्या गावच्या दवंडीवाल्याला हलगी तरी होती,
मला एक फोन, आणि तिरका धरला तरच चालणारा चार्जर.

मी लासलगावचा. मुहर्रकला उतरलो तेव्हा ओहोटी होती,
वाटलं, कुणीतरी पाटाचं पाणी तोडलंय.
ओळखपत्रावर माझा धंदा लिहिलाय: सामान्य मदतनीस.

ससाण्याला नऊ हजार बदाम पडले.
मोतीवाल्या म्हाताऱ्याला साडेतीन.
मंगळवारी टाकला दोन हजार एकशे सतरा:
किनारा, बरगड्या उघड्या पडलेलं अर्धं गलबत,
पुढे एक माणूस, खांद्याशी फळी, मान कलती.
कार्डावर मागे टाइप केलेलं,
हमाल. नाव अज्ञात. १९५६.
मी तेच उतरवलं.
बदाम अकरा. त्यात एक माझा, एक बायकोचा.

बुधवारी पहाटे निरोप. चक्क देवनागरीत.
खैरुन्निसा हुनेरकर, मुक्काम बाणकोट,
नातवाकडून लिहून घेतला असणार:
"हमाल नाय. ह्यो माजो बापूस. सुतार होतो.
फळी उचललेली नाय, डोळ्याला लावलेली हाय.
बाक बघतो हाय तो."

पुन्हा पाहिलं.
एक डोळा मिटलेला.
मला तो उन्हानं मिटलाय असं वाटलं होतं,
इथे सगळ्यांचेच मिटतात.

मॅडम म्हणाल्या, पुरावा? उद्या कुणीही येऊन बाप सांगेल.
लाजत विचारलं. दुपारी उत्तर आलं:
डाव्या अंगठ्याचं नख उभं फाटलेलं, तासणीनं.
दोन वर्षांनी घरी यायचा. चेहरा आठवत नाही नीट.
त्या नखानं माझ्या डोळ्यातलं कुसळ काढलं होतं, तेवढं आठवतं.

मोठी फाइल उघडली,
जी आम्ही फुकट वाटतो आणि कुणी घेत नाही.
वाढवत गेलो. फळीच्या शिरा. मनगट.
मग नुसते करडे चौकोन,
आणि चौकोनांतून खाली उतरलेली
एक काळी रेघ.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
म्हणाल्या, बदल.

बदलायला गेलो तर फॉर्मात रकाने
फोटो काढणाऱ्याचा, देणाऱ्याचा, हक्कांचा.
फोटोत उभ्या असलेल्याचा नाहीच.
शेवटी "इतर टिपणी"त बसवला:
याकूब आदम हुनेरकर, गलबताचा सुतार.

तिनं विचारलं, एक मोठा काढून घेऊ का? किती पडतील?
म्हटलं, आजी, फुकट आहे.
फक्त कुणाचं ते नाव सांगायचं खाली.
बराच वेळ "लिहीत आहे" असं दिसत राहिलं.
मग आलं:
"नाव तर मीच दिलं ना तुला."

नव्या मजकुराला बदाम चौदा.
मॅडम काही बोलल्या नाहीत, पण गुरुवारी ससाणाच, म्हणाल्या.

गुरुवारी ससाणा काढला. डोळ्यांवर टोपी, पायात दोरी.
खाली एक मूठ, कातडी मोजा, मनगटापाशी फोटो कापलेला.
कार्डावर पक्ष्याची जात आहे, मालकाचं घराणं आहे.
आठ वाजले.
चार ओळींच्या खाली, सांगितलं नव्हतं तरी,
पाचवी लिहिली:
हा हात कुणी ओळखतं का?