अ‍ॅस्टर

हारवाल्याचा आकडा ऐकून
तात्या म्हणाले, "आपणच लावू."
मखमलाबादच्या दीड गुंठ्यात
अ‍ॅस्टरचं बी, शेवंतीची रोपं,
आणि बांधाला झेंडू, कुणी न लावता आलेला.

लग्न बावीस तारखेला.
अ‍ॅस्टरला पत्रिका नीट वाचता आली नाही.
तो तेरालाच फुलला,
सगळाच्या सगळा, जांभळा, निर्लज्ज.

तात्यांनी चौतीस वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसात नोटा मोजल्या.
तसंच अंगठा ओला करून
शंभर-शंभरच्या जुड्या बांधल्या,
रबर लावलं,
आणि छोटू भामऱ्याच्या टेम्पोतून
पिंपळगावचं कोल्ड स्टोरेज गाठलं.
द्राक्षांना अजून अवकाश होता.
एवढ्या मोठ्या खोलीत आमची सात खोकी.

वॉचमननं विचारलं, "एक्सपोर्ट का?"
"हो," तात्या म्हणाले, "सटाण्याला."
मग बराच वेळ
पावतीची घडी घालत राहिले.

अंतरपाट खाली आला.
त्यानं हार घातला
आणि मानेवरून पाठीत
गार पाण्याचा एक थेंब सरळ उतरत गेला.
मी शहारले.
बायका हसल्या,
भलतंच काहीतरी समजून.