गोळीबंद पाक

वडणग्याच्या गुऱ्हाळावर अण्णा चाळीस हंगाम गुळव्या.
काहिलीतला रस कधी आवळून येतो
ते आधी त्यांच्या बोटांना कळायचं.
थेंबभर पाक गार पाण्यात,
चिमटीत फिरवायचे,
गोळी झाली की एकच शब्द: उतरवा.

मार्चात तसंच काहीतरी
त्यांच्या छातीत झालं. त्यांना न विचारता.

शाहूपुरीच्या दवाखान्यात मुजावर बाईंनी
कागदावर नळी काढली, नळीत स्प्रिंग,
आणि पेनानं ठिपके, खूप ठिपके.
या प्लेटलेट, म्हणाल्या,
जखम दिसली की धावत येतात,
एकमेकींचे हात धरतात, खपली धरते.
चांगल्याच आहेत बिचाऱ्या,
पण स्प्रिंगलाही जखम समजतात.
गोळी त्यांना मारत नाही,
नुसते हात धरू देत नाही.

"म्हंजे रगात पातळ?"
"पातळ नाही हो. रस तोच, साकळू देत नाही."
"म्हंजे काकवी," अण्णा म्हणाले
आणि बाई पहिल्यांदा हसल्या.

दिवाळीनंतर चुलवाण पेटलं.
चिपाडानं अण्णांचा तळवा कापला,
एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं.
जळण घालणारा केरबा म्हणाला,
असली कसली औषधं,
बंद करा दोन दिस, काय हुतंय.

त्यांनी बंद केली. मला सांगितलं नाही.
डबीत मंगळवार, बुधवार, गुरुवार
जशाच्या तशा.
मी भांडले नाही. बाईंना फोन लावला,
त्यांच्या कानाला धरला.
पलीकडून काय आलं ठाऊक नाही,
अण्णा नुसते हं म्हणत राहिले,
शेवटचं हं अगदी बारीक.

त्या रात्री पाण्यात थेंब पडला,
गोळी झाली, हरभऱ्याएवढी.
उतरवा म्हणाले नाहीत.
"एवढीच असंल, न्हाई गं?
छातीतली?"
याहून लहान, मी म्हटलं.
"अण्णा, करपंल!" केरबा ओरडला.

त्या काहिलीला रंग जरा जास्तच चढला,
मार्केट यार्डात रव्याला भाव कमी आला.
का, ते अण्णांनी कुणाला सांगितलं नाही.
सकाळी न्याहारीनंतर हात पुढे केला,
पट्टी बांधलेला.
मी त्यावर पांढरी एक, गुलाबी एक ठेवली.
त्यांनी चिमटीत धरून फिरवली, सवयीनं.
मग पाणी मागितलं.