घडी

वेंगुर्ल्यात दाभोली नाक्यावर आमचं दुकान.
भिंतीवर आधी पाटी होती,
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
शेठचा मुलगा पुण्याहून शिकून आला,
त्यानं ती उतरवून दुसरी लावली:
सात दिवसांत बदलून, किंवा पैसे परत.
तेव्हापासून त्या पाटीखाली मी बसते
महिना अकरा हजारांवर
लोकांचं खोटं हुंगत.

हुंगत म्हणजे खरंच हुंगत.
शाळेचे बूट उलटे केले की
सागरेश्वरची वाळू पडते काउंटरवर.
"पायात घालून बघितले नुसते," बाप म्हणतो,
आणि पोरगं वाळूकडे बघतं,
मग बापाकडे.
एका कोऱ्या शर्टाच्या बाहीला पेडव्याचं खवलं होतं,
टिकलीएवढं, चमकत.
मी ते नखानं काढलं
आणि बिलाला टाचणी लावली.

परवा सौ. हेमलता कुबल.
पिशवीतून मोरपिशी साडी काढली, बारीक जरीकाठ.
"चेडवाक रंग पसंत पडूक नाय.
घडीसुद्धा मोडूक नाय गो मी."

घडी माझी मला कळते.
मी पदर आत घेते, काठावर काठ,
आणि शेवटची दुमड जरा घाईची,
कारण पुढचं गिऱ्हाईक उभं असतं.
ही घडी घाईची नव्हती.
कुणीतरी रात्री सगळे निजल्यावर
जमिनीवर चटई पसरून घातलेली,
तळव्यानं दाबत दाबत.

उलगडली, तर सुरंगी.
उदबत्तीला न जुमानणारा तो वास
आणि खांद्यापाशी पिवळी पूड,
झटकली तरी उरलेली.

मी तिला रविवारीच पाहिलं होतं,
कुणाच्या तरी स्टेटसवर, साखरपुड्यात,
मागच्या रांगेत, डावा हात कमरेवर घट्ट.
तेव्हा वाटलं, केवढी ऐट.
आता किमतीची चिठ्ठी हातात घेतली.
दोरा शाबूत.
कागद मात्र मऊ पडलेला,
घामानं आकडे फुगलेले.
म्हणजे ही कमरेत खोचलेली दिवसभर.
वाढायला वाकताना, पाया पडताना
टोचत असणार,
दोन हजार चारशे, दोन हजार चारशे.

फोन माझ्यापाशीच होता.
एक बोट पुरलं असतं.
गल्ल्यावरून शेठ म्हणाले,
"घेवन टाक. गिराईक तुटाक नको."
मी नोटा दोनदा मोजल्या.
तिनं न मोजता मुठीत धरल्या
आणि पायरी उतरताना
डावा हात पुन्हा कमरेवर गेला.

मग माझं काम. ते कुठल्याच पाटीवर नाही.
दोन दिवस मागच्या दोरीवर खारा वारा,
ओल्या फडक्यानं पूड पुसणं, इस्त्री,
नवी चिठ्ठी, नवा दोरा, माझी घडी.
साडी पुन्हा कोरी.

शुक्रवारी आरवलीहून एक नवराबायको आली,
दोघंही सत्तरीची.
"सातेरीक व्हयी. कोरी हा मा?"
म्हातारीचा हात सरळ
मोरपिशीवर गेला.

मी म्हटलं, आजी, हिचा काठ उसवलाय.
काठ कुठं उसवला होता!
दुसरी काढून दिली, निळी, शंभरानं महाग,
आणि भाव मोरपिशीचाच लावला.
वरचे शंभर नंतर मी टाकले गल्ल्यात,
शेठ जेवायला गेल्यावर.
"देव बरा करो तुजा," म्हातारी म्हणाली.
मी बिल फाडण्यात फार गुंतले होते.

साडी अजून तिथंच आहे, वरून तिसरी.
कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो,
मग, थोडं थांबलं तर, दुसरा.
काल शेठ विचारत होते,
एवढी चांगली साडी, खपत कशी नाही?

मी म्हटलं, रंग.
रंग पसंत पडत नाही कुणाला.