रुमालाची गाठ

कुताइसीच्या बाजारामागे, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी
माझी खोली. दारावर पाटी: फोटो.
एवढंच. कसले फोटो, ते गावाला ठाऊक आहे.
मी थडग्यांवरचे चेहरे साफ करते.

लग्नाच्या मेजावरून एक माणूस उचलायचा,
त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा,
हातातला पेला काढायचा,
आणि चेहरा एवढा वाढवायचा
की चिनीमातीच्या तबकडीवर भाजला
तरी डोळे डोळेच राहतील.

एवढ्याशा कामाला माझा संगणक
धापा टाकायचा.
आठ जीबीची मेमरी, अकरा वर्षांची डिस्क,
आत कुणी अक्रोड फोडत बसल्यासारखा आवाज.
भुवईवर एकदा ब्रश फिरवला
की निळं चक्र गरगरत राहायचं
आणि समोरच्या खुर्चीतली बाई बोलायला लागायची.
तेव्हा कळायचं, याला डाव्या कानाने ऐकू यायचं नाही,
हा रिओनीत बूट गमावून अनवाणीच कामावर गेला होता,
याचं धाकट्या भावाशी कुंपणावरून सतरा वर्षं वाकडं.
चक्र थांबायचं. बाई थांबायची.
मी दुसऱ्या भुवईकडे वळायचे.

जानेवारीत रेवाझ आला, चाव्यावाल्याचा भाचा,
खिशात दोन पट्ट्या, सोळा आणि सोळा जीबी.
"आधी रेडिएटरला हात लावा," म्हणाला,
"अंगातली वीज उतरू दे."
माझ्या अंगात वीज उरली आहे
हे ऐकून बरं वाटलं.
झाकण काढलं. आत धुळीची राखाडी लोकर
आणि एक लांब केस. माझा. अजून काळा.
खाचेशी खाच जुळवली,
दोन्ही अंगठ्यांनी दाबलं: खट्.
मग दुसरी.
"ही मेमरी वीज गेली की सगळं विसरते," रेवाझ म्हणाला,
"लक्षात ठेवायचं ते डिस्कने."
मी म्हटलं, आमच्या घरातही
असंच वाटून घेतलं होतं.

नवी एसएसडी आगपेटीहून पातळ, मुकी.
जुनीतलं सगळं तिच्यात ओतायला रात्र लागली.
मी शाल घेऊन बसून राहिले.
चौदा टक्के. तेहेतीस.
एकसष्टवर आकडा अडला
आणि जुनी डिस्क अक्रोड फोडत राहिली.
चार हजार दोनशे चेहरे होते तिच्यात.
त्यातला एक मी गिऱ्हाइकाशिवाय साफ केला होता.
खुर्चीत कुणीच नव्हतं,
चक्र फिरत होतं, मी खिडकीकडे बघत होते.
पहाटे बासष्ट झालं.

सोमवारी त्सिसाना आली, नवऱ्याचा फोटो घेऊन.
तिने रुमालाची गाठ सोडायला हात वर नेला
तोवर स्कॅन उघडलेला.
पेला गेला. खांद्यावरचा हात गेला.
भुवई. दुसरी भुवई.
चक्र नाही, काही नाही.
ती अर्धी गाठ धरून तशीच उभी.
मी उगाच जवळ गेले, उगाच मागे आले,
कॉलरची एक सुरकुती तीनदा काढली, तीनदा घातली.
शेवटी म्हटलं, "बसा. थोडा वेळ लागेल."

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. "लवकर झालं, बरं झालं.
सासूच्या वेळी तुमच्या त्या खुर्चीत
नव्हतं सांगायचं तेही सांगून बसले होते."

गाठ घट्ट केली, पैसे मोजले,
दारात थबकली.
"पेला पुसलात?"
"हो."
"परत येतो?"

पूर्वी तीन पावलं मागे जाता यायचं,
आता दोनशे. मी एकेक उतरत गेले:
सुरकुती, भुवया, मग तो हात
कुठूनसा येऊन पुन्हा खांद्यावर टेकला,
मग पेला. अर्धा भरलेला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मीच विचारलं,
"हा हात कुणाचा?"

ती आत आली. बसली.
रुमाल तसाच.