मऊपणाची खूण

सप्टेंबरात मुलं येतात,
कुणी घोड्यावर बापाच्या पुढ्यात,
कुणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये चेपून.
बाप उभ्यानेच चहा पितात आणि निघतात.
सहा वर्षांची माणसं वसतिगृहाच्या पायरीवर उरतात,
बुटांत अजून कुरणाची माती.

पहिले पंधरा दिवस मी फळ्याला हात लावत नाही.
स्वयंपाकीण त्सेरमा जुन्या बुरणुसाची अक्षरं कापून देते,
पस्तीस, मेंढीचा वास न गेलेली.
डोळे मिटायचे, चाचपायचं, काय लागतं हाताला ते सांगायचं.
"हे गेरचं दार."
"ही फणी, तीनच दात उरलेली."
"हा नुसता गोल. आणि हा पट्टा बांधलेला गोल."
बरोबर, म्हणते मी. सगळंच बरोबर.
नावं मागाहून. आधी तोंडओळख.

मग मेंढीच्या घोट्याची हाडं.
ती फेकता येतात प्रत्येकाला, आईच्या पोटातून शिकून आल्यासारखी.
चार कुशी: घोडा, उंट, मेंढी, बकरी.
जी कूस वर येईल तिचा शब्द शोधायचा
भिंतीवर, खाटेखाली, शेगडीमागे,
त्सेरमाच्या एप्रनच्या खिशातसुद्धा, तिथे उंट असतो.
प्रांताच्या गावाहून साहेब आले त्या दिवशी
बकरी कुणालाच सापडत नव्हती.
वहीत लिहून गेले: वर्गात मुले जागेवर नाहीत.

दावाखू मात्र जागेवर होता.
सतरा दिवस. खिडकीजवळ. एक शब्द नाही.

आमच्या लिपीत एक अक्षर आहे, त्याला स्वतःचा आवाज नाही.
मऊपणाची खूण म्हणतात त्याला.
शब्दाच्या टोकाशी बसतं,
शेजारच्याचा खरखरीतपणा थोडा कमी करतं, एवढंच.
घोडा लिहायचा तर ते लागतंच.

त्या सकाळी मुलांनाच अक्षरं केलं.
पुठ्ठे गळ्यात. पहिला शिझिर,
मधे उरंगू, पोटावर मोठा गोल घेऊन,
मग सोयोल, र म्हणताना थुंकी उडवणारा.
शेवटचा पुठ्ठा मी दावाखूच्या गळ्यात घातला.
तुला काही बोलायचं नाही, म्हटलं, फक्त उभं राहा.
तो उभा राहिला.
आणि वर्ग खिंकाळला! बाकांवर टापा,
शेगडीवरचं झाकण हललं.

तो हसला नाही.
रांगेकडे बघत राहिला, जरा वेळ.
मग कमरेचा पट्टा सोडला, पिवळा, हातभर लांब,
उरंगूच्या पोटावरच्या गोलाला आडवा बांधला,
गाठ मारली, पाठीमागे, नीट,
गळ्यातला पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला
आणि खिडकीजवळ जाऊन बसला.

कुणी वाचेना.
मग सोयोलनेच मान वळवून, आपल्या टोकाकडून, उलटं,
पुन्हा सुलटं जोडलं:
माग.
खुरांचा माग.
"घोडा गेला," मागून कुणीतरी म्हणालं, हळू.

आमच्याकडे मागाला जो शब्द
तोच लिहिलेल्या ओळीला.
हे सांगायचं मी टाचणात घेतलेलं होतं, तांबड्या शाईने.
नाही सांगितलं.
पुठ्ठा हातात धरून उभी राहिले,
आवाज नसलेला.

जेवणाच्या घंटेला तो आला,
उघडा देल एका हाताने छातीशी धरून,
उरंगूसमोर थांबला.
"माझा पट्टा दे."
अठराव्या दिवशी पहिलं वाक्य.
त्सेरमाचा डाव तसाच भांड्यात राहिला.

उरंगूने पोटाकडे पाहिलं.
"दिला तर मी परत नुसता गोल."

त्याने विचार केला. रस्सा निवत होता.
"बरं," म्हणाला. "उद्यापर्यंत."
आणि एका हाताने जेवला.