पाटाची पाटी

अक्षराला सहा रुपये, काना-वेलांटी फुकट,
हा आमचा साक्रीतला भाव.
बापाच्या वेळी आठ आणे होता, वेलांटी तेव्हाही फुकटच.
बोरखडीचा मजकूर ऑफिसातून टाइप होऊन आला:
‘प्राचीन फड बागायत. ऐतिहासिक वारसा.
बांधकाम अंदाजे सोळावे शतक. कचरा टाकू नये.’
जोडाक्षरं मी दोन धरली, साहेब काही बोलला नाही.

पत्रा मोटारसायकलला आडवा बांधून
पांझरेकाठी पोचलो,
तर बंधाऱ्यावर एक म्हातारा काठीनं शेवाळ खरवडत होता.
उखर्डू भिला अहिरे.
आधीची तीन गेली म्हणून याला जन्मताच
उकिरड्यावर ठेवून परत उचललेला.
ते नाव ऐंशी वर्षं टिकलं.
हे इथले पाटकरी होते, साहेब म्हणाला.
‘शे,’ म्हातारा म्हणाला,
आणि पुन्हा शेवाळाकडे वळला.

रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत
त्यानं मला पाटावरून चालवलं.
चार फड.
एकात ऊस, एकात गहू, एकात भुईमूग,
चौथा नुसताच, दम खायला.
प्रत्येक फडात प्रत्येकाची पट्टी,
गेंदाबाईची लुगड्याएवढी, देवऱ्यांची लांब,
पण सगळ्या एकाच उतारावर.
पाणी मोजायचं कशानं?
त्यानं धोतर वर केलं, घोटा दाखवला.
घोट्याभोवती एक फिकट रेघ होती,
किंवा मला तशी दिसली.

आता तीन फडांत बोअर, ठिबक, जाळीखाली डाळिंबं.
मोटर चालू करायला मिस्ड कॉल पुरतो.
तरी हा पहाटे उठून बारं उघडतो.
पाणी येतं, कुणी बोलावलं नाही तरी येतं,
चिंचेखाली थबकतं,
म्हशी पितात.
मी विचारलं, मग कशासाठी?
पाट कोरडा राहिला की घुशी पोखरतात, म्हणाला.
मला वाटलं होतं, काहीतरी मोठं सांगेल.

दुपारी त्याच्या सुनेनं कळण्याची भाकर दिली, वर कच्चं तेल.
संध्याकाळी पाटी उभी राहिली, तोंड रस्त्याकडे.
साहेबानं फोटो काढला आणि जीप गेली.
मी म्हाताऱ्याला सगळं वाचून दाखवलं.
‘कचरा टाकू नये’ला त्यानं मान हलवली,
बाकीचं सोडून दिलं.
मग पत्र्याच्या मागे गेला, शेताकडच्या बाजूला,
काठीनं ठोकून म्हणाला,
‘भाऊ, आठे इतलं लिखी दे:
पानी जठे थांबनं, पुढली पायी तठून.’

ओढीच्या वर्षी पाणी अर्ध्या फडातच संपायचं.
पुढच्या वेळी पुन्हा वरून सुरुवात केली
तर शेंड्याचा माणूस कोरडाच राहणार.
म्हणून हे.
भांडणं झाली, दोघांची डोकी फुटली,
एकदा तर लग्न मोडलं,
हे वाक्य कुणी मोडलं नाही.
आणि लिहिलेलं कुठेच नाही.

मी अक्षरं मोजली, सवयीनं.
आकडा सांगितला नाही.
पाटीवर शुद्ध लिहावं, ही बापाची शिकवण.
‘पायी’शी आलो तेव्हा ब्रश तसाच धरून उभा राहिलो.
ळ काढायला माझा हात चांगला आहे,
गिऱ्हाइकं मुद्दाम बघत बसतात.
मग य काढला.
आणि डबा वाजला.
टर्पेंटाइन ओतून तळ ताणला,
तरी ‘तठून’ राहिलंच.

‘रंग जठे सरना...’
म्हातारा म्हणाला,
आणि पुढचं म्हणालाच नाही.

दोन शेर बाजरी दिली, पाखडून,
पाटकऱ्याला खळ्यावर मिळायची तशी.
नवा डबा घेऊन ठेवला आहे.
तोच निळा मिळाला नाही, थोडा गडद आहे.
अजून जाणं झालेलं नाही.